टीएक्स इंटरप्ट बंद करा म्हणे!

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचा पाठवणीचा वेग दुप्पट करणारे 'चार उपाय' सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरताहेत. आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरने ते चारही जसेच्या तसे पॅचमध्ये घातले, म्हणून हे लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक उपाय हा: 'टीएक्स कम्प्लीशनचा इंटरप्ट बंद करा, पुढचं पॅकेट पाठवताना मागची साफ होतील.' टीएक्स म्हणजे पाठवणी, आणि हा इंटरप्ट म्हणजे पॅकेट पाठवून झालं हे कार्ड ड्रायव्हरला कळवतं तो इशारा. आणि पुढचं पॅकेट आलंच नाही तर? कार्डाने पॅकेट वायरवर टाकलं, तरी ड्रायव्हर एसकेबी (पॅकेट ज्यात असतं ती कर्नलमधली रचना) सोडत नाही तोवर ते सॉकेटच्या, म्हणजे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडणीच्या, सेंड बफरवर मोजलेलंच राहतं. बफर भरला की प्रोग्रॅम त्यात जागा मोकळी होण्याची वाट पाहत झोपतो. तो झोपला म्हणून नवं पॅकेट नाही, नवं पॅकेट नाही म्हणून सफाई नाही, आणि सफाई नाही म्हणून तो उठत नाही. दुसऱ्या कुणी त्याच रांगेत काही पाठवलं तरच सुटका. लोड टेस्टमध्ये पॅकेटांचा ओघ चालू असतो, त्यामुळे तिथे हे दिसतही नाही. लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरविषयीच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलंय: नेटडेव्ह_टीएक्स_ओके (म्हणजे 'पॅकेट स्वीकारलं') परत केलं की एसकेबी मर्यादित वेळात मोकळं करणं ही ड्रायव्हरची जबाबदारी, नाहीतर सॉकेट डेडलॉक होऊ शकतात, म्हणजे कायमचे अडकू शकतात. ते वाचायचे कष्ट कुणीच घेऊ नयेत?

इंटरप्ट कमी केले की सीपीयू वाचतो, एवढं मान्य. पण त्यासाठी कोअलेसिंग आहे: ठरावीक पॅकेटं झाली किंवा टायमर संपला, जे आधी होईल तेव्हा इंटरप्ट. तो टायमर काढून टाकलात तर सगळंच गेलं.

'दर 16 पॅकेटांनी एकदाच डोअरबेल वाजवा' हे अर्धं खरं आहे. डोअरबेल वाजवणं म्हणजे कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहून नवी पॅकेटं आल्याचं त्याला सांगणं, आणि ते लिहिणं महाग पडतंच. पण पाचच पॅकेटं आली तर ती रिंगमध्ये (ड्रायव्हर कार्डासाठी पॅकेटं मांडून ठेवतो त्या गोलाकार यादीत) पडून राहणार. मागे आणखी पॅकेटं आहेत की नाहीत हे 2014 च्या 3.18 आवृत्तीपासून कर्नलच एक्समिट_मोअर या खुणेतून सांगतं, आपण मोजायची गरजच नाही. फक्त रिंग भरून ड्रायव्हरने कर्नलची रांग थांबवली असेल, तर 'मोअर' असलं तरी डोअरबेल वाजवायचीच. पॅचमध्ये नेमकी हीच अट नव्हती.

उरलं 'रिंग 4096 करा आणि बीक्यूएल काढा'. बीक्यूएल म्हणजे रिंगमध्ये एका वेळी किती बाइट साचू द्यायचे यावरची कर्नलची मर्यादा. रिंग वाढवून वायर वेगवान होत नाही. 1 गिगाबिटच्या लिंकवर 1500 बाइटची 4096 पॅकेटं निघायला जवळपास 50 मिलिसेकंद लागतात, आणि मागून आलेलं छोटं डीएनएस पॅकेटही तेवढा वेळ ताटकळतं. हे होऊ नये म्हणूनच 2012 मध्ये कर्नलच्या 3.3 आवृत्तीत बीक्यूएल आलं.