हरणाची शिकार आणि ‘कुठलीही बंदूक चालते’वाला मेसेज

ऑक्टोबर लागला की आमच्या पेन्सिल्व्हेनियातल्या मराठी ग्रुपवर चकल्या-अनारशांच्या ऑर्डरींच्या मधोमध एक लांबलचक मेसेज येऊन पडतो. ‘अमेरिकेत हरणाची शिकार : नवशिक्यांसाठी संपूर्ण माहिती’. लिहिणारा कोण, माहीत नाही. यंदा तो मला चार जणांनी पाठवला आणि त्यातल्या एकाने तर त्यातली यादी घेऊन दुकान गाठायची तयारीही केली होती. म्हणून हा प्रपंच.

मेसेज थोडक्यात असा : हरणाला कुठलीही रायफल चालते, एकदा घेतली की सगळ्या राज्यांत वापरा. गोळी जितकी मोठी तितकं हरण जागेवर पडतं. व्हिसावर असाल तर ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर घ्या. स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, मोठ्यात मोठा घ्या, दुकानदार नेम लावूनच देतो. नारिंगी जॅकेट हरणाला दिसतं, तेव्हा जंगलात शिरल्यावर काढून ठेवा. आणि एका हरणात सहा महिन्यांचं मटण.

मी नऊ सीझन या भागात शिकार करतोय. शेजारच्या म्हाताऱ्याने शिकवलं, तोही बंदूक हातात देण्याआधी राज्याच्या नियमांचं पुस्तक हातात देऊन. तेव्हा राग आला होता.

आता पहिला मुद्दा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. ‘कुठलीही रायफल, सगळी राज्यं.’ शिकारीचे नियम दर राज्याचे वेगळे आहेत, आणि वेगळे म्हणजे किरकोळ वेगळे नव्हेत. एडिसनमधल्या आपल्या मंडळींनी हे आधी ऐकावं : न्यू जर्सीत हरणाला नेहमीची काडतुसाची रायफल चालतच नाही. तिथे शॉटगन, पुढून ठासायची बंदूक किंवा धनुष्य. डेलावेअर नदीचा पूल ओलांडून आमच्याकडे आलात की रायफल चालते, पण सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, चालत नाही. दर गोळीला हाताने खटका मागे-पुढे करावा लागेल अशीच हवी. मेसेजमध्ये ‘एआर-१५ घ्या, एकाच बंदुकीत सगळं भागतं’ असं छातीठोक लिहिलंय. ती सेमी-ऑटोमॅटिक बंदूक खांद्याला लावून पेन्सिल्व्हेनियात हरणामागे गेलात तर गुन्हा तुमचा, मेसेज लिहिणाऱ्याचा नाही.

ओहायोत आणखी मजा. साधारण रायफलचं काडतूस बाटलीसारखं असतं, खाली जाड, वर खांदा आणि बारीक मान. ओहायोत ते हरणाला चालत नाही. २०१४ पासून तिथे रायफलला परवानगी मिळाली ती फक्त खडूसारख्या सरळ काडतुसांची, .३५७ ते .५० कॅलिबरपर्यंत (कॅलिबर म्हणजे गोळीचा इंचातला व्यास), आणि नळी व मॅगझिन मिळून बंदुकीत तीनच काडतुसं. कारण साधं आहे : जमीन सपाट, वस्ती दाट, आणि अशी जाड बोथट गोळी लवकर दमते, पलीकडच्या गावापर्यंत जात नाही. आता कुणी म्हणेल, मग एक सरळ काडतुसाची घेतो आणि सुटतो. घ्या. .४५-७० हे १८७३ पासून चालत आलेलं नामांकित काडतूस. ओहायोत ते बसतं. शेजारच्या मिशिगनच्या दक्षिण पट्ट्यातही सरळ काडतूसच लागतं, पण त्याची लांबी १.१६ ते १.८० इंचांच्या आत हवी. .४५-७० त्याहून लांब आहे, म्हणजे बाद. दोन राज्यं एकमेकांना चिकटलेली, नियम दिसायला सारखेच, आणि बंदूक एकीकडे कायदेशीर, दुसरीकडे बेकायदा. अशा ठिकाणांसाठी विंचेस्टर कंपनीने २०१९ मध्ये .३५० लेजंड हे आखूड सरळ काडतूस काढलं ते काही उगाच नाही.

व्हर्जिनियात कॅलिबर किमान .२३ हवं, म्हणजे एआरची नेहमीची .२२३ थोडक्यात हुकली. कोलोरॅडोत किमान .२४. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच बंद. त्यामुळे दुकानाच्या भिंतीवर नजर टाकण्याआधी आपण कुठल्या राज्यात, कुठल्या पट्ट्यात, कुठल्या आठवड्यात जाणार ते ठरवा आणि त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक काढा. त्या वर्षीचं म्हणतोय, कारण नियम बदलतात. आमच्याकडे शतकाहून जुनी रविवारच्या शिकारीची बंदी २०१९ मध्ये सैल झाली आणि २०२५ मध्ये गेली. माझंही हे सगळं लिहिलेलं पुढच्या वर्षी पुस्तकाशी पडताळूनच घ्या.

‘जितकी मोठी गोळी तितकं बरं.’ हा मुद्दा पुरुषांच्या ग्रुपवर फार लोकप्रिय आहे. आमच्या ओळखीतल्या एकाने पहिलीच रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जबर धक्क्याच्या मोठ्या काडतुसाची घेतली. रेंजवर पहिला बार, डोळा स्कोपच्या फार जवळ, आणि स्कोपची कड भुवईवर बसली. गणपतीच्या आरतीला लावतात तशी लालभडक चंद्रकोर घेऊन गडी घरी गेला. ती आठवड्यात भरली. खांद्याने घेतलेली धास्ती भरली नाही.

या धास्तीची परीक्षा सोपी आहे. मित्राला सांगा की तुमच्याकडे न बघू देता कधी खरं काडतूस भर, कधी सरावाचं खोटं. खोट्यावर चाप ओढलात की बार होत नाही, आणि नळीचं टोक तुमच्याच डोळ्यांदेखत खाली डुबकी मारतं. धक्का आलाच नाही, तरी खांदा आधीच दचकला. शंभर यार्डांवर ती डुबकी म्हणजे हरणाच्या काळजाऐवजी पाय किंवा पोट, आणि मग काळोखात रक्ताचे थेंब शोधत फिरायचं.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं काळीज-फुप्फुस म्हणजे आठ-दहा इंचांची जागा, जेवणाच्या ताटापेक्षा जरा लहान. तिथे बसलेली .२४३ ची गोळी हरणाला पुरते. .३०-३० हे १८९५ चं काडतूस इथल्या झाडीत पिढ्यान्‌पिढ्या हरणं पाडत आलंय. .३०८ आहे, ६.५ क्रीडमूर आहे, .२७० आहे, यात कुठलंही घ्या, वाद घालायला थंडीच्या रात्री भरपूर आहेत. मॅग्नमचा धक्का .२४३ च्या दुपटीहून अधिक, आणि तेवढं अधिक मेलेलं हरण काही नसतं. कॅलिबरपेक्षा गोळीची जात बघा. हरणाला पसरणारी गोळी लागते. सरावाला स्वस्त मिळते ती पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी आरपार भोसकून जाते, हरीण लांबवर पळून मरतं, आणि आमच्यासह अनेक राज्यांत ती हरणाला चालतही नाही.

तिसरा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, तो माणसाला गोत्यात आणणारा आहे. ‘मित्राच्या नावावर घ्या.’ दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि त्यावर सही करून सांगावं लागतं की खरा घेणारा मीच. दुसऱ्यासाठी, दुसऱ्याच्या पैशाने घेऊन तिथे ‘मीच’ लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. दोघंही बंदूक घ्यायला पात्र असले तरी! २०१४ मध्ये अब्राम्स्की खटल्यात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच सांगितलं. त्यात व्हर्जिनियाच्या एका माजी पोलिसाने पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या काकासाठी पिस्तूल घेतलं होतं. काकाला स्वतः घेता आलं असतं, तरी पुतण्या अडकला. आपल्याकडे तर व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळंच त्या एका सहीवर टांगलेलं.

गंमत म्हणजे या लबाडीची मुळात गरज नसते. एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायदा बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई करतो हे खरं, पण त्याच कायद्यात अपवाद आहे : अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर ही मनाई लागू होत नाही. फॉर्मवर तसं खरं-खरं लिहायचं, लायसन्स दाखवायचं. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, मग कपाटातली बंदूक अडचणीची ठरते. तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. राज्याचे नियम त्यावर आणखी असतात, न्यू जर्सीत तर आधी पोलिसांकडून खरेदीचं ओळखपत्र लागतं. तुमच्या व्हिसाबद्दल जरा जरी किंतु असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मला नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची मनाई मुळात नाहीच.

जाता जाता : याच पेन्सिल्व्हेनियाने १९०९ मध्ये नागरिक नसलेल्या परदेशी माणसाला शिकारीची आणि त्यासाठी रायफल-शॉटगन बाळगण्याचीही बंदी केली होती. एक इटालियन माणूस त्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९१४ मध्ये हरला. हंटर एज्युकेशनच्या वर्गात बसून मला ही हकिकत हटकून आठवते. तो वर्ग नवशिक्याला चुकत नाही, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

स्कोपचं बघू. मेसेज ‘६-२४×५०’ घ्या म्हणतो, म्हणजे सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगाचा. आमच्या झाडीत हरीण साठ-सत्तर यार्डांवर दिसतं, तेही सहा सेकंद. चोवीस पटीत त्याच्या कुशीवरचे केस दिसतील, हरीण दिसणार नाही. शिवाय कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, आणि हरणं बाहेर पडतात ती त्या कडेलाच. भिंगाच्या व्यासाला पटीने भागा : ५० भागिले २४, म्हणजे डोळ्यापर्यंत जेमतेम दोन मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका. साधा ३-९×४० चारवर ठेवलात तर दहा मिलिमीटर. संधिप्रकाशात आपली बाहुली पाच-सात मिलिमीटर उघडते. कुठला उपयोगी, हे तिसरीतलं पोर सांगेल.

आणि दुकानात ‘लावून दिलेला नेम’ म्हणजे नळी आणि स्कोप ढोबळमानाने एका दिशेला आहेत, इतकंच. कागदावर गोळी लागेल, कुठे ते देव जाणे. आधी २५ यार्डांवर तीन गोळ्या, मग १०० वर. ज्या पेटीतली काडतुसं जंगलात नेणार तीच वापरा, कंपनी बदलली की गोळीची जागा बदलते. बहुतेक स्कोपवर नेम सरकवायच्या चकतीची एक टिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच, इंचाला चार टिका. २५ यार्डांवर तोच एक इंच सरकवायला सोळा टिका लागतात. हे विसरून मी पहिल्या वर्षी चारच टिका फिरवत बसलो, वीस काडतुसं संपवली आणि स्कोप बिघडलाय म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. म्हातारा नुसता हसत होता.

नारिंगी जॅकेटबद्दलचा सल्ला वाचून मला खरोखर चीड आली. आमच्याकडे रायफलच्या सीझनमध्ये डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी रंग, चहूबाजूंनी दिसेल असा, अंगावर असायलाच हवा. तो हरणासाठी नाहीच, पलीकडच्या टेकडीवर बंदूक घेऊन बसलेल्या दुसऱ्या माणसासाठी आहे. आणि हरणाला तो भडक दिसत नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, हरणाच्या डोळ्यांत दोन. लाल-नारिंगी टोक त्याला मळकट दिसतं. ताडोबात गेलेल्यांनी आठवून बघावं : एवढा नारिंगी वाघ, आणि चितळं पंधरा पावलांवर निवांत चरतात. वाघ जॅकेट काढून ठेवत नाही.

हरणाला निळा मात्र चांगला दिसतो, आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही काही प्रमाणात. म्हणजे नारिंगी जॅकेट काढून खाली निळी जीन्स आणि ‘शुभ्रतेची चमक’ देणाऱ्या पावडरीत धुतलेला शर्ट घालून बसलात तर खरी जाहिरात ती. शिकारीचे कपडे साध्या, चमक नसलेल्या साबणात धुवा. नीळ तर अजिबात नको. आजीला हे पटलं नसतं.

बुटांवर आणि लोकरी मोज्यांवर खर्च करा, हे मात्र मेसेजवाल्याने सोळा आणे खरं लिहिलंय. पण झाडावरच्या मचाणाचं नाव घेऊन कमरेच्या-छातीच्या पट्ट्याचं नाव घेतलेलं नाही. इथे शिकारी जखमी होतात त्यात मचाणावरून पडणं हे मोठं कारण आहे. पट्टा चढण्यापूर्वी अडकवायचा, वर पोचल्यावर नव्हे. बंदूक रिकामी करून दोरीने मागाहून वर ओढायची. गाडीतही भरलेली रायफल चालत नाही.

राहता राहिलं ‘सहा महिन्यांचं मटण’. आमच्याकडचा मध्यम नर जिवंतपणी साधारण एकशे चाळीस पौंड. आतडी, कातडं, हाडं गेली की हातात चाळीस-पन्नास पौंड मांस, तेही गोळी नीट बसली तर. मॅग्नमने खांदा फुटला तर पुढचा एक पाय विसरा. शिशाची गोळी असेल तर जखमेभोवतीचं वीतभर मांस सरळ फेकून द्या, बारीक कण डोळ्यांना न दिसता लांबवर पसरतात. रबरी हातमोजे आणि धारेचा लहान चाकू न्या, फूटभराचा सुरा नको. हरणांच्या मेंदूच्या रोगाचा पट्टा असेल तर मेंदू आणि पाठीचा कणा पट्ट्याबाहेर न्यायलाही बंदी असते, तेही पुस्तकात बघा. आणि या मांसाला चरबी जवळजवळ नसते. रस्सा बोकडाच्या मटणासारखा करायला गेलात तर तो तोंडाला कोरडा लागतो. आमच्याकडे खोबऱ्याच्या वाटणात दोन पळ्या तेल जास्त पडतं आणि कुकरच्या दोन शिट्ट्या कमी होतात.