रोबोटवर छत्री

आमच्या टीममधे रोबोट एक आणि मेंटॉर तीन, त्यामुळे त्या बिचाऱ्याने ऐकायचं तरी कोणाचं! एक सर, त्यांना रोबोटपेक्षा लॅबची किल्ली वेळेत परत मिळण्यात जास्त रस. दुसरा पास आऊट झालेला दादा, दिवसभर हिंजवडीत स्वतःचा कोड लिहितो आणि ट्रॅफिकमधून सुटला की रात्री येऊन आमचा डिलीट करतो. २०१४ ला इंटरनॅशनल रोबोकॉन, म्हणजे कॉलेजवाल्यांची रोबोटची स्पर्धा, आपल्या बालेवाडीत झाली ती याने स्टँडमधे बसून बघितलीये, तेव्हापासून साधा नट ढिला झाला तरी गाडी बालेवाडीवरूनच सुटते. तिसरे काका. उभं आयुष्य भोसरी एमआयडीसीत लेथवर गेलं. लांबूनच शाफ्ट बघून "बारा पॉइंट चार" म्हणतात, आपण व्हर्नियर लावायचा आणि निघतं पण तेवढंच, वैताग नुसता.

तर आमचा लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरची पट्टी सेन्सरने बघत पळणारा रोबोट. रात्री काळ्या पट्टीवरून सुसाट आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की पट्टी सोडून थेट कपाटाखाली. दादा फोनवर म्हणाला पीआयडी, म्हणजे पट्टीवरून हलला की किती वळायचं ते ठरवणारा कोड, ट्यून करा, केलं. म्हणाला लिपो बॅटरी उतरली असेल, मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे तीन सेलची टम्म फुल. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन नवीन सेन्सर आणले, ते पण कपाटाखाली. (तिथे हरवलेल्या एलन की सापडल्या, आणि कुणाचातरी डबा. डबा उघडायचं धाडस कुणी केलं नाही.)

काकांनी चष्मा वर केला. "अरे सेन्सर इन्फ्रारेडवरूनच काळं-पांढरं ओळखतो ना, आणि उन्हात पण इन्फ्रारेड असतंच की, त्याला काळं पण पांढरंच दिसणार." आणि स्वतःची छत्री उघडून खिडकीच्या बाजूने रोबोटवर धरली. रोबोट सरळ! पुढे तो आणि मागून वाकून काका, पालखीवर अब्दागिरी धरतात तसे.

नेमके तेव्हाच सर एचओडी मॅडमना डेमो दाखवायला घेऊन आले, बिलांवर सही हवी होती ना. मॅडमनी एक राउंड पूर्ण बघितला.

"हे काका रोबोटचा भाग आहेत का?"

सर म्हणाले, "मॅडम, हे व्हर्जन वन आहे."

नंतर सेन्सरभोवती काळा फोम चिकटवला, चिल्लर पैशात काम झालं, काकांना जरा वाईटच वाटलं त्याचं. बिलं सगळी पास झाली, फक्त दादाने घुसडलेल्या 'सन शील्ड, फोल्डिंग, १ नग' पुढे लाल पेनाने 'पावती जोडा' लिहून आलंय. काका म्हणतात छत्री सासऱ्यांनी दिलीये, त्यांच्याकडे मागा.