आल्काला हे माद्रिदचे उपनगर नव्हे

माद्रिदजवळच्या एकदिवसीय सहलींची माहिती देताना आल्काला दे एनारेसबद्दल एकच सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो: हे राजधानीच्या वाढीतून उभे राहिलेले उपनगर आहे, तिथे ‘डॉन किहोते’चा लेखक सर्व्हांतेस याचे जन्मघर तेवढे पाहावे, बाकी काही नाही, आणि परतावे.

उपनगराचा मुद्दा कालक्रमातच टिकत नाही. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने दरबार माद्रिदला हलवला तो 1561 मध्ये. आल्कालाच्या जागी त्याआधी कित्येक शतके कोंप्लुतुम हे रोमन नगर नांदत होते. पुढे तोलेदोच्या आर्चबिशपांकडे गावाची मालकी आली आणि त्यांच्याच वाड्यात 1486 च्या आरंभी कोलंबस राणी इसाबेलला प्रथम भेटला. आज इथले असंख्य लोक लोकल गाडीने रोज माद्रिदला कामाला जातात हे खरे, पण त्यावरून गावाचा उगम ठरत नाही.

जन्मघराबाबत तर गंमतच आहे. जे एकमेव स्थळ पाहण्याजोगे म्हणून सांगितले जाते, ते 1956 मध्ये खुले झालेले, जुन्या धर्तीवर नव्याने उभारलेले संग्रहालय आहे. सर्व्हांतेस इथलाच असल्याचा भक्कम पुरावा म्हणजे 9 ऑक्टोबर 1547 ची बाप्तिस्म्याची नोंद; ज्या सांता मारिया चर्चमध्ये तो विधी झाला, त्याचा बराचसा भाग स्पेनच्या यादवी युद्धात नष्ट झाला आणि आता मनोरा व थोडे अवशेष उरले आहेत.

‘बाकी काही नाही’ हा भाग सर्वांत चुकीचा. कार्डिनल सिस्नेरोसने 1499 मध्ये स्थापलेल्या विद्यापीठाभोवती इथे आखीव विद्यानगरी वसली. तिथेच 1514 ते 1517 या काळात बहुभाषी बायबल छापले गेले. त्याच्या आरंभीच्या ग्रंथांत एकाच पानावर हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक मजकूर शेजारीशेजारी असून तळाशी अरामी भाषांतर आहे, आणि त्या काळच्या छपाईच्या खिळ्यांवर एवढी जुळणी करणाऱ्यांचे कसब थक्क करते. हे विद्यापीठ तेव्हापासून अखंड चालू आहे, असे आल्कालाचे चाहते सांगतात, तेही बरोबर नाही. 1836 मध्ये सरकारने ते माद्रिदला हलवले, म्हणजे राजधानीने गाव वाढवण्याऐवजी त्याचा प्राणच काढून नेला. रिकाम्या इमारती खासगी हातांत जाऊन त्यांची मोडतोड सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणीचे भाग काढून त्या विकत घेतल्या. 1977 मध्ये गावात पुन्हा विद्यापीठ स्थापन झाले आणि 1998 मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून नोंदवला. त्या जुन्या इमारतींची मालकी मात्र आजही गावकऱ्यांच्या त्याच सहमालक संस्थेकडे आहे.