ट्यूब तापू द्या, मग बोला

रेकॉर्ड ऐकण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की ट्यूबचा फोनो प्रीअँप (रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणारा, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा डबा) लावला की आवाज ‘उबदार’ होतो. अर्धंच खरं आहे. माझ्याकडे ईसीसी८३ जातीच्या दोन ट्यूबवाला आहे. पहिली पंधरा मिनिटं तो चक्क मरगळलेला वाजतो. तापला की मात्र जुन्या ख्यालाच्या एलपीत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, अशी उलगडते, की समेआधी गाणाऱ्या बाईंनी घेतलेला श्वासही ऐकू येतो. डग्ग्याची घुमक जरा सैल पडते, हे कबूल.

पण सगळं श्रेय ट्यूबला द्यायला मी कचरतो. रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात, रेकॉर्ड कापण्याचा हा ठरलेला प्रघात म्हणजेच तो आरआयएए कर्व्ह. प्रीअँपला ते उलटं करायचं, शिवाय मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला, चुंबकावर चालणारा भाग) येणारे जेमतेम ५ मिलिव्होल्ट वाढवायचे. तिथे एखादा कपॅसिटर (सर्किटमधला छोटा भाग) खराब निघाला की ‘ऊब’ म्हणजे नुसता फुगलेला बास.

आणि हो, ट्यूबवर हळूच पेन्सिलीने टिचकी मारून बघा. स्पीकरमधून मोठ्ठा टण्ण आला तर बदला. माझी एक तशीच निघाली. विकणारा म्हणतो कसा, “व्हिंटेज आहे साहेब, तेवढं चालायचंच!”