खर्ऱ्याच्या आड सुटून गेलेली बिडी

आपल्या पूर्व विदर्भात तंबाखूचा विषय निघाला की बोलणे खर्ऱ्यावर, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणावर, येते आणि तिथेच संपते. याला कारणही आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खाणारे किंवा लावणारे आढळले होते, तर ओढणारे केवळ ३.८ टक्के. त्यामुळे शाळेच्या भिंतीवरील फलक, ग्रामसभेचे ठराव आणि पानठेल्यांवरील धाडी या साऱ्यांचा रोख खर्ऱ्यावर असतो. मात्र या गडबडीत बिडी अलगद सुटून जाते, आणि खर्रा सोडून बिडीवर आलेला माणूस आपण निम्मे व्यसन सोडले अशा समाधानात राहतो, हे मला अधिक धोक्याचे वाटते.

बिडी सौम्य आहे, ती तर जंगलातल्या पानाची, असे आपल्याकडे शिकलेली माणसेही म्हणतात. बिडीत सिगारेटपेक्षा तंबाखू बराच कमी असतो, हे खरे. पण तेंदूचे पान सिगारेटच्या कागदासारखे सच्छिद्र नसते आणि सहज धुमसतही नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) टेकलेला कास्तकार पाहावा: दोन वाक्ये बोलेपर्यंत त्याची बिडी विझते, तो पुन्हा काडी ओढतो आणि ती विझू नये म्हणून एकामागून एक खोल झुरके घेतो. याच कारणाने बिडीच्या धुरातून मिळणारे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी भरत नाही, उलट अनेकदा जास्तच भरते. हा धूर फुप्फुसात जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा स्वरयंत्रावरून जातो. धूम्रपानामुळे पुरुषांना स्वरयंत्राचा कर्करोग होतो, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने १९६४ सालीच स्पष्ट केले होते. सोबत मोहाची असो वा देशी, दारू असेल तर हा धोका नुसता वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो.

आमच्या गावातील दंडारीत (इथल्या लोकनाट्यात) गाणाऱ्या एका मामाजींचा आवाज दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत बसला. रात्रभर गायल्यावर आवाज बसणारच, म्हणून कोणाला काही वाटले नाही. ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झाले, गावात येणाऱ्या डॉक्टरांची इंजेक्शने झाली आणि त्यात होळी उलटली. नागपुरात दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा एक स्वररज्जू हलायची थांबली होती आणि मानेत गाठ आली होती. संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागले. आता ते मानेच्या छिद्रातून श्वास घेतात, धूळ जाऊ नये म्हणून त्यावर पातळ जाळीचे फडके बांधतात आणि बोलायचे असले की टॉर्चएवढे यंत्र हनुवटीखाली दाबतात. शब्द कळतात; पण त्या आवाजाला चढउतार नाही.

स्वररज्जूंवरचा कर्करोग लवकर कळू शकतो, कारण तिथे लहानशी गाठ आली तरी आवाज घोगरा होतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायलाच हवे. गिळताना अडखळणे, कानात काही नसताना एका बाजूचा कान दुखत राहणे आणि मानेतील न दुखणारी गाठ याही खुणा आहेत. पण घशाच्या खालच्या भागात रोग असला की त्या बहुधा उशिराच दिसतात. स्वररज्जूपुरता मर्यादित असताना सापडलेला रोग बहुतेकांत केवळ रेडिएशनने बरा होतो आणि आवाजही वाचतो. नागपूरचे मेडिकल कॉलेज असो वा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, ही दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची असते. पुढच्या उपचारांच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे.

सरकारच्या धोरणाबाबतही माझी तक्रार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सिगारेटला जीएसटीच्या ४० टक्क्यांच्या गटात टाकण्याचे ठरले, तेव्हाच बिडीवरचा कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. बिडीला सवलत मागताना नेहमी बिडी कामगारांचे नाव पुढे केले जाते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या आणि तंबाखूची भुकटी श्वासात घेणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यांच्या मजुरीत वाढ होईल अशी कोणतीही हमी या कपातीत नाही. त्यांना खरोखर मदत करायची, तर दुसरे काम द्यावे.

राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर मात्र आजही सुटी बिडी मिळते आणि ती पेटवायला सुतळीचे जळते टोक खांबाला लटकलेले असते. धूम्रपान सोडल्यापासून पाच ते दहा वर्षांत तोंड, घसा व स्वरयंत्राच्या कर्करोगाचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, त्यामुळे साठीतल्या माणसानेही आता काय उपयोग असे म्हणू नये. सोडण्यासाठी मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक बिडीच्या कट्ट्यावर (पुड्यावर) छापलेला असतो. सुटी बिडी घेणाऱ्याच्या तो नजरेसच पडत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिला आहे.