“रोज नवं धरा, नाहीतर मेंदू गंजतो” ही पोस्ट चुकीची आहे, का ते सांगतो

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या शेतीच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरतेय, तुमच्याकडंही आली असेल. तिचं म्हणणं असं की डोपामाइन (मेंदूतलं एक रसायन) फक्त नव्या गोष्टीतून मिळतं, तेच तेच करणाऱ्याचा मेंदू आळशी होतो, चाळीशीनंतर नवं शोधायचं बटण बंद होतं, आणि यशस्वी माणूस जुनं सोडून कायम नवंच धरतो. खाली कोणीतरी जोडलंय, “म्हणूनच आपले केळीवाले तिथंच राहिले.” ते वाचून राग आला, म्हणून लिहितोय.

डोपामाइनचं आधी. मेंदूचे शास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले, 1997 साली दायान आणि माँटेग्यू यांच्यासोबतचा त्यांचा पेपर गाजला. माकडाला अचानक ज्यूस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात चालतात, पण ज्यूसच्या आधी दरवेळी दिवा लागतो हे माकड शिकलं की त्या दिव्यालाच चालतात आणि ज्यूसला गप्प राहतात, आणि दिवा लागून ज्यूस आलाच नाही तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जातं. म्हणजे हिशोब आहे अपेक्षा किती होती आणि हातात काय पडलं याचा. नव्या गोष्टीला या पेशी दाद देतात हे खरंय, पण “फक्त नव्यालाच” हे पोस्टवाल्यानं पदरचं घातलंय. तोच व्यापारी, तीच केळी, पण यंदा भाव धरला होता त्यापेक्षा चांगला लागला तर तिथंही हेच सगळं चालतं.

आता “आळशी मेंदू”. 2006 साली नॅथॅनियल डॉ (Daw) नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून चार जुगाराच्या मशीन खेळायला दिल्या, प्रत्येक मशीनचं देणं हळूहळू बदलत राहायचं. चांगलं देणारं मशीन सोडून दुसरं चाचपताना कपाळामागचा सगळ्यात पुढचा भाग जास्त चालत होता, आणि माहितीतलं धरून ठेवताना बक्षिसाची किंमत जोखणारे भाग. दोन्हीकडं कामच चाललेलं असतं, आळस कुठं आला?

आणि खरी गोष्ट पोस्टमध्ये नाहीच. 2014 च्या विल्सन वगैरे संशोधकांच्या प्रयोगात दोन पर्यायांतून एक निवडायचा खेळ होता, आणि लोकांना कधी एकच डाव उरलाय असं कळायचं, कधी सहा. सहा उरले असले की लोक कमी माहितीच्या पर्यायाकडं जास्त जायचे, एकच उरला असला की ओळखीचं धरायचे. बरोबरच आहे ना, नव्यातून काही कळलं तरी ते वापरायला पुढं डाव तर पाहिजेत! आता हे केळीला लावून बघा. लागवडीपासून घड कापेपर्यंत वर्षभर जातं, म्हणजे एक चूक आणि एक वर्ष गेलं, वर रोपं, ठिबक, खत हा सगळा पैसा आधीच जमिनीत गेलेला. चोपड्याकडचे आमचे एक काका कुठल्याही नव्या वाणाला एकच म्हणतात, “पहिले कोपराम्हा लाईसन देखसूत.” कोपऱ्यात दोन ओळी लावायच्या, बाकी रानात नेहमीचं, आणि दोन ओळींचं वजन, रोग, घडाची फणी बघून मग ठरवायचं. हे घाबरणं नाही हो, नवं शोधणंच आहे, फक्त चुकीची किंमत बघून केलेलं. कर्ज डोक्यावर असलेला माणूस तेवढंही करत नसेल तर त्याचा मेंदू बंद नाही पडलेला, त्याच्याकडं डाव कमी आहेत.

चाळीशीच्या बटणाबद्दल फार लिहीत नाही, कारण असं एक बटणच नाही. शोधणं दोन तऱ्हेचं असतं, एक जिथं माहिती कमी तिकडं मुद्दाम जाणं आणि दुसरं नुसतं इकडंतिकडं हात मारणं. 2017 च्या एका प्रयोगात चुंबकीय लहरींनी कपाळामागचा उजवा भाग थोडा वेळ मंद केला तर पहिलं कमी झालं, दुसऱ्याला धक्का लागला नाही. आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात तर बारा वर्षांच्या पोरांपेक्षा विशीतले लोक हे मुद्दामचं शोधणं जास्त करताना दिसले. बाकी वयानं फरक पडतो, पण चाळिसाव्या वाढदिवसाला काही कुलूप लागत नाही.

राहिलं “यशस्वी माणूस जुनं सोडतो”. सोडलं आणि बुडाले ते कोणी पोस्टमध्ये लिहीत नाही. कधी सोडायचं याचा हिशोब जीवशास्त्रज्ञ चार्नोव्ह यांनी 1976 मध्येच मांडलाय, चरणाऱ्या-टिपणाऱ्या प्राण्यांसाठी: हातातल्या जागेतून मिळणारं जेव्हा आजूबाजूच्या सरासरीखाली येतं तेव्हा उठायचं, जायचा वेळ धरून. म्हणजे पिलबागेचं (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेल्या बागेचं) उत्पन्न घसरलं, शेजारच्या रानात दुसरं पीक बरं देतंय असं दोनचार हंगाम दिसलं, तर बदला, जरूर बदला. पण चांगली चाललेली बाग पोस्ट वाचून मोडू नका, आणि कोणी मोडायला निघाला असेल तर त्याला हे आजच पाठवा.