एक स्टार दिलात, हरकत नाही, पण धुराचं आणि कार्बचं खरं काय ते लिहितो

दादा नमस्कार. तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला, तेव्हाच उत्तर टाकणार होतो पण डोकं गरम होतं म्हणून दोन दिवस थांबलो. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दादांच्या वडिलांची ८५ ची राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची दोन सिलेंडरची टू-स्ट्रोक आरडी ३५० जी एस्कॉर्ट्सने इथे बनवली ती, नाशिकला अंबडमध्ये आमच्याकडे रिस्टोअरला होती. दादांचं म्हणणं असं की दोन महिने सांगून सात महिने लावले, "सगळं ओरिजिनल" सांगून सेकंडहँड कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर, माथी मारले, जुनेच स्क्रू परत लावले, अ‍ॅव्हरेज वीसच्या वर जात नाही, आरटीओचं काम केलं नाही, आणि दसऱ्याला नेलेली गाडी पाचव्या दिवशी त्र्यंबक रोडला पांढरा धूर सोडायला लागली, वर मी फोन उचलला नाही.

आधी धुराचं बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे.

तुम्ही जो व्हिडिओ पाठवला त्यात धूर फक्त उजव्या सायलेन्सरमधून येतोय, डावा एकदम साफ. आरडीत क्लच उजवीकडे असतो आणि क्रँकच्या उजव्या टोकाचं ऑइल सील गेलं की इंजिन क्लचकडचं गिअर ऑइल आत ओढून जाळायला लागतं, मधल्या सीलमुळे ते डाव्या बाजूला जात नाही. म्हणून व्हिडिओ बघितल्या बघितल्या कळलं की उजवं सील गेलंय. ते सील मी दिल्लीच्या एका डीलरकडून मागवलं होतं, पॅकेट जपानी, पार्ट नंबर बरोबर, भाव पण ओरिजिनलचाच लावला होता त्याने. त्याच लॉटमधलं एक सील माझ्याकडे शिल्लक होतं, तुमचा व्हिडिओ आल्यावर ते भिंगाखाली धरलं तर आतल्या ओठाच्या कडेला रबराचं कुसळ राहिलेलं आणि मागची बारीक स्प्रिंग बोटाने दाबली की जागेवरून निघतेय. डुप्लिकेट. पंचवीस वर्षं हे काम करतोय आणि मला कोणीतरी सील विकून गेला, काय बोलणार.

पण डीलरच्या नावाने बोटं मोडून मी सुटत नाही. इंजिन बांधलं की आम्ही कार्बची आणि सायलेन्सरची तोंडं बंद करून आत सहा पीएसआय दाबाने हवा भरतो, सहा मिनिटं काटा हलला नाही तर पास. प्रत्येक टू-स्ट्रोकला करतो. तुमच्या गाडीला नाही केली. दसऱ्याला पूजेला गाडी दारात पाहिजे म्हणून तुमचे रोज फोन होते, आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या पोराने सायलेन्सर आधीच चढवून टाकले होते आणि ते परत उतरवायचा मी कंटाळा केला. टेस्ट केली असती तर तिथेच पकडलं असतं. यात तुमची घाई मधे आणत नाही, नाही म्हणायचं माझं काम होतं.

फोनचं म्हणाल तर त्या दिवशी कोजागिरी होती, आम्ही घरचे सगळे वणीला गडावर होतो, तिथे रेंजची काय बोंब असते ते नाशिकच्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दोनदा लावला, तुम्ही कट केला. असो.

आता कार्ब. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन नवेकोरे चकचकीत कार्ब याच्या निम्म्यात मिळतात आणि मी जुने घासून लावले. दादा, ते नवेकोरे मिळतात ते मिकुनी, म्हणजे मूळ जपानी कंपनीचे, नाहीत, मिकुनीसारखे दिसतात. अस्सल मिकुनीच्या जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तुकड्यावर, चौकोनात चौकोन असा बारीक शिक्का असतो, नखाएवढ्या पितळेवर, आणि त्याच्या शेजारचा नंबर खरा असतो. कॉपीमध्ये शिक्का एकतर नसतो नाहीतर चेपलेला असतो, आणि नंबर काय वाट्टेल तो टाकतात. एकच नंबर लिहिलेले दोन कॉपी जेट घेतले तर एकातून पेट्रोल जास्त जातं एकातून कमी. सिंगल सिलेंडरला एखाद वेळी खपून जातं, पण ही दोन सिलेंडरची गाडी, एक बाजू लीन झाली, म्हणजे तिथे पेट्रोल कमी पडलं, की पिस्टन जाम झालाच म्हणून समजा. तुमची गाडी आली तेव्हा तिला तसलेच कॉपी कार्ब होते, डावा पिस्टन त्यानेच खाल्लाय, तो मी तुम्हाला हातात दिला होता, एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि रिंग चिकटून बसलेली. आठवत असेल.

मी जी जोडी लावली ती पुण्याला नाना पेठेत एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर होती, पोत्यात, उंदरांनी वरचं पोतं खाल्लेलं. तीन चकरा मारल्या तेव्हा त्याने पोतं खाली काढलं, पहिल्या दोन वेळा नुसता चहा पाजून पाठवलं. डावा-उजवा बरोबर जोडीतले, बॉडी चिरलेली नाही, स्लाइड घासलेली नाही. सेकंडहँड आहेत का, हो आहेत, आणि बिलावर मी "जुने, ओरिजिनल" असंच लिहिलंय. ओरिजिनल म्हणजे नवीन असं मी कधीच म्हणलं नव्हतं, पण तुम्हाला तसं वाटलं असेल तर तो शब्द मी नीट फोडून सांगायला पाहिजे होता एवढं मान्य. आमच्या लाइनमध्ये चार प्रकार चालतात, कंपनीचं नवीन न वापरलेलं जे आता जवळजवळ संपलंय, कंपनीचं जुनं, चांगल्या मेकरचं बाहेरचं, आणि डुप्लिकेट. पहिल्याचा भाव ऐकला तर तुम्ही गाडीच विकाल.

सात महिने का लागले त्याचं उत्तर पिस्टनमध्ये आहे. आरडीची बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, मुळात ६४ मिलिमीटर. रिबोअर, म्हणजे सिलेंडर आतून कातून मोठा करणं, पाव-पाव मिलिमीटरने होतं, शेवटचा ओव्हरसाइज एक मिलिमीटरचा, म्हणजे ६५. तुमचे दोन्ही ब्लॉक आधीच पाऊण मिलिमीटरवर होते आणि ओरखड्यांमुळे शेवटच्या साइजशिवाय पर्याय नव्हता. मी तुम्हाला सांगितलं होतं की स्लीव्ह, म्हणजे आत नवीन नळी, मारून परत ६४ वर येऊ, लवकर होईल, तुम्ही म्हणालात पप्पांच्या गाडीचे ब्लॉक आहेत, स्लीव्ह नको. भावना मला कळली, मी पण तसाच माणूस आहे, पण मग ६५ चे दोन पिस्टन एकाच मेकरचे शोधायचे म्हणजे काय ते ज्याने शोधलेत त्यालाच माहीत. करोलबागला फोन, चेन्नईला पुदुपेटला फोन, प्रत्येक जण म्हणतो आहे, फोटो पाठव म्हणलं की पाऊण मिलिमीटरचा निघतो, नाहीतर यामाहाच्या छोट्या आरएक्सचा. यामाहाच्या पार्ट नंबरात पहिले तीन आकडे मॉडेलचा कोड आणि मधले पाच त्या वस्तूचे, ११६३१ म्हणजे स्टँडर्ड पिस्टन, ११६३५ पासून पुढे ओव्हरसाइज, त्यामुळे मी आता पिस्टन न मागता सरळ नंबरचा फोटो मागतो. एक पिस्टन मार्चमध्ये मिळाला, त्याचा जोडीदार मिळायला ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात तुमची गाडी कोपऱ्यात झाकून होती आणि त्या पाच महिन्यांचं मी जागेचं भाडं लावलेलं नाही. हां, दर महिन्याला स्वतःहून फोन करून सांगायला पाहिजे होतं, ते माझ्याकडून होत नाही, बायको पण हेच म्हणते.

स्क्रूचं वाचून हसू आलं, राग मानू नका. तुम्ही म्हणता इंजिनला पाच रुपयांचे अ‍ॅलन बोल्ट टाकले असते तर नवीन दिसलं असतं. हो, दिसलं असतं, आणि उद्या विकायला काढलीत तर पहिला जाणकार माणूस तेच बघून भाव पाडेल. ते स्क्रू फिलिप्स दिसतात पण फिलिप्स नाहीत, जपानी स्टँडर्डचे, जेआयएस आहेत, डोक्यावर एक बारीक टिंब असतं, नीट बघा. साधा स्क्रू ड्रायव्हर लावला की घसरून वरची खाच खाऊन टाकतो, आणि मग फिटर हातोडी-छिन्नी घेतो. तुमच्या क्लच कव्हरच्या स्क्रूंपैकी चार असेच खाल्लेले होते, ते बदलले, बाकीचे जेआयएसच्या ड्रायव्हरने न दुखावता काढून साफ करून झिंक मारून परत लावले. पूर्ण दिवस गेला त्यात.

अ‍ॅव्हरेज. दादा, आरडी आहे ती.

तरी सांगतो, जपानमध्ये ही १९७३ ला आली तेव्हा ३९ हॉर्सपॉवरची होती, एस्कॉर्ट्सने १९८३ ला इथे काढली ती एचटी, म्हणजे हाय टॉर्क, ३०.५ ची, आणि पेट्रोल पिते म्हणून लोक ओरडल्यावर एलटी, म्हणजे लो टॉर्क, काढली २७ च्या आसपास. इथल्या दोन्हीत पुढची डिस्क पण जाऊन ड्रम आला. तुमची एलटी आहे, ओव्हरसाइजवर नवीन बसलीय, पहिले हजार किलोमीटर वीसच देईल, नंतर अजून थोडं वाढेल, पण स्प्लेंडरचं गणित हिला लावू नका.

आरटीओचं मी कधी बोललोच नव्हतो, आमच्या कोटेशनमध्ये ते नाही. तुम्ही कोणाकडून तरी व्हिंटेज नंबरचं ऐकलंय, ते ५० वर्षांच्या वरच्या गाड्यांना आहे, तुमची त्यात बसायला अजून वेळ आहे. तोपर्यंत साधं री-रजिस्ट्रेशन, दर पाच वर्षांनी, आणि ते मालकालाच करावं लागतं.

आता पुढचं. सील मी यावेळी दुसरीकडून मागवलीत, दोन्ही बाजूंची, येऊन पडलीत. गाडी चालवत आणू नका, गिअर ऑइल किती उरलंय सांगता येत नाही, मी छोटा हत्ती पाठवतो, त्याचं भाडं माझं. इंजिन उतरवून दोन्ही सील टाकू, लेबर नाही, सीलचे पैसे नाही, पॅकिंगचे नाही. हवेची टेस्ट तुमच्यासमोर करू, पाहिजे तर मोबाइलवर शूट करा आणि इथेच टाका. स्टार वाढवा म्हणून सांगत नाहीये, तो तुमचा प्रश्न. फक्त येताना काकांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, घेऊन या जमलं तर, पहिल्या वेळी आले होते तेव्हा टाकीवर हात ठेवून बराच वेळ काहीच बोलले नव्हते आणि नंतर मला म्हणाले होते की लग्नानंतर हिच्यावरूनच देवळालीहून वणीला गेलो होतो, ती गोष्ट अर्धी राहिलीय.

सोमवारी गॅरेज बंद असतं, बाकी कधीही या. तुमचा डावा पिस्टन पण डब्यात जपून ठेवलाय, त्या दिवशी बाकड्यावरच विसरून गेला होतात.